जुन्या सेडानचा गंज दिसतो. एअरबॅगचा दोष दिसत नाही

जुनी गाडी पाहायला जाताना गोव्यातील माणूस सहसा ओळखीचा टिंकर किंवा मेकॅनिक सोबत नेतो, आणि ते शहाणपणाचेच आहे. गाडीभोवती दोन फेऱ्या होतात, दारे आपटून पाहिली जातात, बॉनेट उघडते, पत्र्यावर बोटे वाजवली जातात. रंग एकसारखा असला, एसी थंड असला आणि किलोमीटर पटण्यासारखे असले की भावाची बोलणी सुरू होतात. या साऱ्या तपासणीत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : कंपनीने दोष मान्य करून परत बोलावलेल्या गाड्यांत ही गाडी होती का, आणि असल्यास ते काम झाले आहे का?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी आधी पत्र्याकडे पाहू. कारण दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे : आपली दमट, उष्ण आणि खारी हवा.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण पत्रा कुजतो तो पावसाने भिजल्यामुळे तितका नव्हे, जितका भिजून न वाळल्यामुळे. गाडीच्या दारात काचेच्या कडेने पाणी शिरतेच. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी लहान भोके ठेवलेली असतात. आपल्याकडच्या तांबड्या मातीने आणि पालापाचोळ्याने ती बुजतात, आणि पाणी आतल्या पोकळीत साचून राहते. बाहेरचा रंग चकचकीत असताना दार आतून पोखरले जाते. कळंगुट, कोलवा किंवा मोरजीच्या बाजूला वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला हवेतील मिठाचीही जोड मिळते. मिठाचा अंश असलेला ओलावा वीज सहज वाहू देतो, त्यामुळे लोखंडाचे गंजणे वेगाने होते.

सेडानमध्ये गंज धरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दारांचे तळ, दारांखालचा रनिंग बोर्ड, मागच्या चाकांवरच्या कमानींच्या आतल्या कडा, बॉनेटची दुमडलेली किनार, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी आणि डिकीत स्टेपनी ठेवायचा खळगा. त्यांपैकी स्टेपनीचा खळगा सर्वांत बोलका. मागच्या दिव्यांचे किंवा डिकीचे रबर म्हातारे झाले की पाणी तेथेच उतरते. गालिचा उचलावा, स्टेपनी बाहेर काढावी आणि हात फिरवावा. ओल, वाळलेल्या पाण्याची रेषा, चिखलाचा बारीक थर यांतले काहीही हाताला लागले, तर गाडी एकतर गळते किंवा कधीतरी पाण्यात उभी होती. कुबट वास लपवण्यासाठी लावलेला सुवासही संशयाचेच कारण मानावे.

लोहचुंबक जवळ ठेवणे ही जुनी युक्ती अजूनही उपयोगी आहे. पुट्टी जाड असेल तेथे तो नीट चिकटत नाही. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर अधिक चांगले. कारखान्यातील रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. एखाद्या भागावर आकडा काही शेंवर गेला तर तेथे पुट्टीचे काम झाले आहे. विक्रीच्या तोंडावर गाडीखाली मारलेले ताजे काळे अंडरकोटिंग मला तरी नेहमी अस्वस्थ करते. ते गंज थांबवण्यासाठी मारले की झाकण्यासाठी, हे वरून कळत नाही. यातले बहुतेक दोष सामान्यतः रिकॉलमध्ये येत नाहीत. त्यांचा खर्च घेणाऱ्याच्याच माथी. म्हणून तो भावातून वजा करून घ्यावा.

आता न दिसणाऱ्या गोष्टीकडे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग जगभरातील अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसवल्या गेल्या. एअरबॅग क्षणार्धात फुगवणाऱ्या भागाला इन्फ्लेटर म्हणतात : धातूचा डबा, आत रासायनिक इंधन. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेटवर आधारित इंधन वापरले आणि असंख्य इन्फ्लेटरांत ओलावा शोषणारा पदार्थ घातलाच नाही. दमट हवा आणि दररोजचे तापणे-निवणे यांमुळे वर्षानुवर्षांत इंधनाच्या वड्या सच्छिद्र होतात. अशा वड्या ठरल्यापेक्षा फार वेगाने जळतात, आतला दाब वाढतो आणि डबाच फुटतो. मग जीव वाचवायची पिशवी धातूचे तुकडे चेहऱ्यावर आणि मानेवर फेकते. अमेरिकेत अशा स्फोटांनी वीसहून अधिक जणांचा बळी घेतला. जुलै २०१४ मध्ये मलेशियात २००३ सालच्या होंडा सिटीला झालेल्या अपघातात एका गर्भवती महिलेचा अशाच प्रकारे मृत्यू झाला. सिटी हीच गाडी आपल्या रस्त्यांवरही मोठ्या संख्येने धावली, आणि मलेशियाची हवा आपल्या हवेपेक्षा फार वेगळी नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझणे हे व्यवस्था ठीक असल्याचे लक्षण मानले जाते. तो दिवा विजेच्या जोडण्या तपासतो. इंधनाची अवस्था त्याला कळत नाही. दिवा अजिबातच लागत नसेल, तर पूर्वीच्या अपघातात एअरबॅग उघडून गेली असावी आणि दिव्याचीच जोडणी तोडली असावी, अशी शंका घ्यावी. पण ताकाताचा दोष असलेली गाडी या परीक्षेत बिनदिक्कत उत्तीर्ण होते.

भारतातही या एअरबॅगसाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. होंडा कार्स इंडियाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्यांसाठी मोहीम जाहीर केली. त्यांत ३२,४५६ सिटी होत्या. जानेवारी २०१८ मध्ये २०१३ सालच्या २२,८३४ गाड्यांची भर पडली आणि त्यांतील २२,०८४ पुन्हा सिटीच. भाग मोफत बदलून मिळणार होता. या वर्षांतील गाड्या आज दुसऱ्या, तिसऱ्या, कधी चौथ्या मालकाच्या हाती आहेत.

अडचण इथेच आहे. रिकॉल गाडीच्या चासी नंबरला चिकटलेला असतो, मालकाला नव्हे. पण त्याचे पत्र किंवा फोन जातो कंपनीच्या नोंदीत असलेल्या ग्राहकाकडे. पहिला मालक बेळगावचा किंवा पुण्याचा असेल आणि गाडी ना हरकत दाखल्यावर गोव्यात आली असेल, तर पत्र त्या जुन्या पत्त्यावर पडते. आरटीओत नाव बदलले म्हणून कंपनीच्या नोंदीत ते आपोआप बदलते असे नाही. शिवाय जुनी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जाणे थांबते. ती नाक्यावरच्या गॅरेजात जाते, आणि तिथे कोणी चासी नंबर संगणकात टाकून पाहत नाही.

दुसरी अडचण विलंबाची. सदोष भाग लाखो गाड्यांत असतो, तेव्हा बदली भाग तितक्या संख्येने लगेच बनत नाहीत. अमेरिकेत २०१४ नंतर हेच झाले. ऑटोलिव्ह, डायसेल यांसारख्या दुसऱ्या उत्पादकांना उत्पादन वाढवावे लागले आणि ग्राहकांना भागासाठी थांबावे लागले. अखेर नोव्हेंबर २०१५ मध्ये तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेने प्राधान्यक्रम ठरवून दिला. उष्ण व दमट प्रदेशांतील गाड्यांना अग्रक्रम मिळाला. जून २०१६ मध्ये तर २००१ ते २००३ सालच्या सुमारे ३,१३,००० होंडा व अक्युरा गाड्या दुरुस्तीशिवाय चालवूच नका, असे सांगावे लागले. चाचण्यांत त्यांच्यातील इन्फ्लेटर फुटण्याचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत गेले होते. काही गाड्यांत सुरुवातीला तात्पुरता म्हणून त्याच जातीचा नवा भाग बसवला गेला, जो नंतर पुन्हा बदलावा लागला. म्हणून ‘एकदा बदललाय’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. केव्हा बदलला आणि पुढची मोहीम बाकी आहे का, हेही विचारावे.

तपासणी अवघड नाही. आरसीवरचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर घ्यावा, तो गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रलंबित रिकॉल विचारावा. तिथे गाडी विकत घेतलेली असण्याची गरज नाही, आणि आपण पहिले मालक असण्याचीही नाही. ही विचारणा बयाणा देण्यापूर्वी करावी. काम बाकी निघाले तर गाडी घेऊन जाण्याआधी भाग शिल्लक आहे का ते विचारावे, नसल्यास चासी नंबरावर मागणी नोंदवून तिचा क्रमांक लेखी घ्यावा. काम झाल्यावर जॉब कार्डावर बदललेल्या भागाची नोंद करून घ्यावी. पुढे गाडी विकताना हाच कागद कामी येतो. भाग येईपर्यंत ज्या बाजूची एअरबॅग सदोष आहे त्या आसनावर कोणाला बसवू नये. चालकाच्या बाजूची असेल तर गाडी शक्यतो उभीच ठेवावी. गॅरेजात एअरबॅगची वायर काढून घेणे हा उपाय नव्हे.

कायद्याचा आधार पूर्वीपेक्षा बरा आहे, तरी जुन्या गाडीसाठी तोकडा. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेने रिकॉल करण्याची संहिता होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. मात्र सक्तीच्या रिकॉलची ही तरतूद सात वर्षांच्या आतील वाहनांपुरती आहे. २०१२-१३ ची सिटी तिच्या कक्षेबाहेर पडते आणि कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या मोहिमेवरच अवलंबून राहते. त्या मोहिमेतले काम कोणी टाळू लागले, तर मागणीचा लेखी क्रमांक घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेच.

जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम लागू आहेत आणि गाडी ताब्यात आल्याची माहिती त्यांनी नोंदणी प्राधिकरणाला द्यायची असते. अशा विक्रेत्याकडून गाडी घेणाऱ्याने प्रलंबित रिकॉलची स्थिती विक्रीच्या कागदावर लिहून मागावी. ओळखीतून, शेजाऱ्याकडून किंवा कार्यालयातील सहकाऱ्याकडून गाडी घेणाऱ्याला ही विचारणा स्वतःच करावी लागेल, आणि त्यासाठी चासी नंबर व एक फोन पुरेसा आहे.