साबणच टाकला की!

महालक्ष्म्यांचं जेवण उरकलं होतं. वीस-बावीस पानं झालेली. ओटा, सिंक, मोरी, जिकडे बघावं तिकडे खरकटी भांडी! पण मी निश्चिंत होते. मुलाने हौसेने डिशवॉशर घेऊन दिला होता ना! एरवी तो मीच लावते. त्या दिवशी बाहेर हळदीकुंकवाची गडबड, म्हणून कामाच्या मावशींना म्हटलं, "ताटं-वाट्या आत लावा, साबण टाका आणि हे बटण दाबा."

थोड्याच वेळात आतून हाक आली, "ताई, पळा!" जाऊन बघते तर मशीनच्या दारातून पांढराशुभ्र फेस बाहेर येतोय आणि फरशीभर पसरतोय. सासूबाई बाहेरूनच विचारताहेत, "दूध उतू गेलं का गं?"

मी ताडकन बोलून गेले, "काय केलंत हे मावशी? एवढं महागाचं मशीन!"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "तुम्हीच म्हणलात की साबण टाका म्हणून. मी साबणच टाकला की! पगारातनं कापू नका ताई."

सिंकजवळची रोजच्या लिक्विडची बाटली त्यांनी मशीनमध्ये ओतली होती. मशीनची पावडर वेगळी असते, हे त्यांना सांगितलं होतं कुणी? बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना तावातावाने सांगत असते, की नीट शिकवल्याशिवाय कुणाला दोष देऊ नये. आणि घरात काय केलं? पाहुण्यांदेखत ओरडले!

आधी स्विच बंद केला. दोघींनी मिळून जुन्या पंचांनी फेस टिपला. मेकॅनिकला फोन लावला. त्याने सांगितल्याप्रमाणे भांडी बाहेर काढली, फेस पुसला आणि साबण न घालता मशीन नुसत्या पाण्यावर पुन्हा पुन्हा चालवलं. तेव्हा कुठे फेस संपला.

मग त्याच्याकडून कारणही समजून घेतलं. डिशवॉशर भांडी घासत नाही, फिरत्या हातांतून गरम पाण्याचे जोरदार फवारे मारतो. फेस झाला की पंपात पाण्याबरोबर हवा शिरते, फवाऱ्याचा जोर जातो आणि भांडी तशीच राहतात. फेस दारातून गळतो आणि खाली विजेच्या भागापर्यंतही पोचू शकतो. म्हणून मशीनच्या पावडरीला मुद्दामच फेस येऊ देत नाहीत. तिच्यात धुण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात, ते तेलकटपणा काढतात. शिवाय भाताची पेज आणि डाळीचा थर सुटा करणारी एन्झाइम्स असतात.

हे ऐकलं आणि आजी आठवली. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती भांडी लख्ख करायची. तिथे कुठे होता फेस? राखेतला क्षारच तेलकटपणा काढायचा. फेस म्हणजे स्वच्छता, हे आपल्या मनात नंतर बसलं.

मैत्रिणींनो, उलट चूकही करू नका. मशीनची पावडर हाताने भांडी घासायला घेऊ नका. ती तीव्र असते, कातडीला आणि डोळ्यांना त्रास देते. मुलांच्या हाताला लागू देऊ नका. आमच्यासारखं बोअरचं जड पाणी असेल तर मशीनमध्ये वेगळं मीठही घालावं लागतं. ते पाणी मऊ करणाऱ्या भागासाठी असतं. त्याच्या कप्प्यात पावडर पडली तर तो भाग बिघडतो, आणि स्वयंपाकाचं बारीक मीठही तिथे चालत नाही.

गंमत म्हणजे हे यंत्र एका बाईनेच घडवलं. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी 1886 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नोकरांच्या हातून उंची चिनीमातीच्या भांड्यांचे टवके उडायचे, म्हणून त्यांनी ते बनवलं असं सांगतात. म्हणजे कामवाल्यांवर रागावण्याची ही परंपरा या यंत्राइतकीच जुनी म्हणायची!

फरशी पुसताना मावशींनी हळूच विचारलं, "ताई, मशीन आलं म्हणजे आता माझं काम जाणार का?" तेव्हा कळलं, त्यांच्या मनात फेसापेक्षा मोठी भीती होती. मी म्हटलं, "लोखंडी तवा-कढई, ॲल्युमिनियमचे डबे, पितळेची समई काय या मशीनमध्ये घालणार? काळी पडतील, गंजतील. आणि घरातली बाकी कामं कोण करणार?"

पगार अर्थातच कापला नाही. दुसऱ्या दिवशी इतके दिवस प्लॅस्टिकमध्ये पडून राहिलेलं माहितीपुस्तक मी उघडलं आणि दोघी मशीनपुढे बसलो. पावडरीच्या डब्यावर लाल टिकली चिकटवली, मिठाच्या पिशवीवर हिरवी. तशाच टिकल्या आतल्या कप्प्यांवर.

आता मशीन मावशीच लावतात. परवा मी घाईत पावडरीला हात घातला, तर म्हणाल्या, "ताई, टिकली बघितली का?"