फिगर स्केटिंगचे प्राथमिक प्रशिक्षण

फिगर स्केटिंगचे प्राथमिक प्रशिक्षण म्हणजे बर्फावर तोल सांभाळणे, पडणे, उठणे, सरकणे व थांबणे यांचे क्रमवार शिक्षण होय. उड्या आणि गिरक्या त्यानंतर येतात. या लेखात मुख्यतः अमेरिकेतील ‘लर्न टू स्केट यूएसए’ या अभ्यासक्रमाच्या आधारे माहिती दिली आहे. त्यात शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी ‘स्नोप्लाऊ सॅम’ या नावाचे ४ स्तर, त्यांहून मोठ्या मुलांसाठी ‘बेसिक’ हे ६ स्तर आणि प्रौढांसाठी स्वतंत्र ६ स्तर आहेत.

साहित्य

पहिल्या काही वर्गांसाठी रिंकवर भाड्याने मिळणारे बूट पुरतात. मात्र ते घोट्याशी घट्ट बसले पाहिजेत. ‘मूल वाढते आहे’ म्हणून मोठ्या मापाचा बूट घेणे ही पालकांची नेहमीची चूक असते. सैल बुटात घोटा आत कलतो आणि दोष मुलाच्या पायांना दिला जातो. नवशिक्यांनी शिरस्त्राण व हातमोजे वापरावेत. बर्फाबाहेर चालताना पात्यावर प्लास्टिकचे आवरण चढवतात. सरावानंतर पाते कोरडे पुसले नाही, तर ते गंजते.

पात्याची रचना

पात्याच्या तळाला लांबीच्या दिशेने उथळ खोलगट खाच असते. त्यामुळे त्याला आतली व बाहेरची अशा दोन धारा प्राप्त होतात. शरीर ज्या बाजूस कलते, त्या बाजूची धार बर्फ पकडते आणि वक्र रेषा उमटते. अशा रेषांनी बर्फावर आकृत्या काढण्याच्या कलेवरूनच या खेळास ‘फिगर’ हे नाव मिळाले. या सक्तीच्या आकृत्या १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळण्यात आल्या. पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात. ते गिरक्या व उड्यांसाठी असून पुढे जाण्यासाठी नव्हेत. दात्यांनी बर्फ मागे ढकलणारा नवशिका हमखास अडखळतो. रेटा पात्याच्या आतल्या धारेने द्यावयाचा असतो. महाराष्ट्रातील शहरांत चाकांचे स्केटिंग शिकलेल्यांना तोलाची सवय असते. पण ज्या चारचाकी स्केट्सना पुढे रबरी अडसर असतो, त्यांवर शिकलेला मनुष्य थांबण्यासाठी पायाचे टोक टेकवतो आणि बर्फावर तोंडघशी पडतो.

पहिले धडे

पडणे आधी शिकवतात. गुडघे वाकवून खाली बसावे, एका कुशीवर कलावे, हात पोटाशी घ्यावेत. पडताना हात मागे टेकल्यास मनगट मोडण्याचा धोका असतो. बोटे बर्फावर पसरून ठेवू नयेत, कारण दुसऱ्याचे पाते जवळून जात असते. उठताना आधी गुडघ्यांवर यावे, मग एक पाऊल पुढे रोवून उभे राहावे.

त्यानंतर जागच्या जागी पावले उचलणे, दोन्ही पायांवर सरकणे आणि ‘स्विझल’ येते. स्विझलमध्ये टाचा जुळवून दोन्ही पावले बाहेर फाकवतात व पुढे पुन्हा जवळ आणतात. बर्फावर लिंबाच्या आकाराची खूण उमटते. थांबण्यासाठी पायांची टोके आत वळवून टाचा बाहेर रेटतात, तेव्हा पाते बर्फ खरवडते. पुढे एका पायावरील वळण येते. त्याची खूण ३ या आकड्यासारखी दिसते, म्हणून त्यास ‘थ्री टर्न’ म्हणतात.

मुले व प्रौढ

मुलांचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असतो आणि पडल्याची लाजही त्यांना नसते. प्रौढ मनुष्य सूचना लवकर समजतो, पण भीतीने गुडघे ताठ ठेवतो, आणि ताठ गुडघ्यांनीच तोल जातो. म्हणून प्रौढांच्या वर्गात घाई न करणारा प्रशिक्षक महत्त्वाचा. घाईचा प्रश्न मुलांबाबतही आहेच. अजाण वयातील स्पर्धकांवरील ताण लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने २०२२ साली वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला. प्रौढ हौशी स्केटरांसाठी याच संघाची स्पर्धा जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे २००५ पासून भरत आली आहे.