मूल हाताबाहेर चाललंय? आधी कुणाकडे जायचं?



बैठकीत बचत गोळा होते, हप्ते लिहून होतात. वही मिटताना मग एखादी ताई हळूच बोलते, "पोरगा शाळेत जाईना गं. रात्री बाराला घरी येतो. बोललं की अंगावर धावून येतो." लगेच कुणीतरी सांगतं, "पोलिसात दे, दोन दिवस आत बसला की येईल ताळ्यावर."

आपल्या लवळे, पिरंगुट भागात हे आता घरोघरी ऐकू येतं. आई-बाप दिवसभर कामावर आणि पोराच्या हातात मोबाईल, गाडी. त्यामुळे यात लाज वाटून घेऊ नका. पण "आत टाका" हा उपाय नाही, हेही समजून घ्या.

कायदा काय म्हणतो?

1986 च्या बाल न्याय कायद्यात "मूल आमच्या ताब्यात राहत नाही" अशी तक्रार आई-वडिलांना करता येत होती. आता 2015 चा कायदा आहे, त्यात तसं वेगळं कलम नाही. ऐकत नाही म्हणून 18 वर्षांखालच्या मुलाला कुणी कोंडून ठेवू शकत नाही. मुलाला काळजी आणि संरक्षण हवं आहे का, हे बघितलं जातं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा मार्ग मानला जातो.

मदत कुठे मिळते?

1. गावात: सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. अंगणवाडीताईंशी बोला. शाळा सुटली असेल तर मुख्याध्यापकांनाही भेटा.

2. फोनवर: 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो. मूल गप्प गप्प राहतं, जीव द्यायची भाषा करतं, तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर लगेच बोला. "नाटकं करतो" म्हणून सोडून देऊ नका.

3. व्यसन असेल तर: पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते 1986 साली सुरू केलं. आधी फोन करून माहिती घ्या. मूल यायला तयार नसलं तरी आपण विचारायला जाऊ शकतो.

4. बाल कल्याण समिती: ही जिल्ह्याची समिती. एक अध्यक्ष, चार सदस्य आणि त्यात किमान एक बाई असतेच. मूल घरातून पळतं, वाईट संगतीत अडकलंय, तर प्रकरण इथे नेता येतं. घरची चौकशी होते, मुलाचं आणि आपलंही समुपदेशन होतं.

वकील लागला तर बायकांना आणि मुलांना सरकारी वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100.

मुलाने गुन्हा केला असेल तर?

प्रकरण नेहमीच्या कोर्टात न जाता येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे जातं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, 24 तासांत मंडळापुढे उभं करावं लागतं. मंडळ समज देऊन, मुलाचं आणि पालकांचं समुपदेशन करून त्याला घरी पाठवू शकतं. बोलावलं की नक्की जा. आई-बाप हजर असले की मुलालाही धीर येतो.

आणि गाडीची किल्ली देऊ नका! अल्पवयीन मुलाने गाडी चालवून अपघात केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो.

रागाच्या भरात हे करू नका

*"आम्हाला नको हे मूल" असं लिहून देऊ नका.* समितीपुढे मूल कायमचं सोडून दिलं, तर फेरविचाराला फक्त दोन महिने मिळतात. त्यानंतर आपला हक्क जातो.

*मुलगी ऐकत नाही म्हणून तिचं लग्न उरकू नका.* 18 वर्षांआधी लग्न लावणं गुन्हा आहे. कुणाशी बोलते, कुठे जाते याची भीती वाटते, हे खरं. पण लग्नाने ती भीती संपत नाही, पोरीचं शिक्षण मात्र संपतं.

*बेदम मारू नका.* मारलेलं मूल घराबाहेरच आधार शोधतं.

गटाने काय करायचं?

बैठकीत एखादी ताई बोलली, तर ती गोष्ट गावभर करू नका. "तुझंच चुकलं" म्हणू नका. कधीपासून बदल झाला, शाळा कधी सुटली, संगत कुणाची, हे तिला एका कागदावर लिहून द्या. समुपदेशकाला पहिल्यांदा हेच विचारायचं असतं. आणि तिच्यासोबत एक जण जा. कर्जासाठी बँकेत आपण एकमेकींबरोबर जातोच ना? मग लेकरासाठीही जाऊ या.

हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा: 1098, 14416, 15100.