शेतावरील इमारत : पाया खणण्यापूर्वी जोत्याचे माप

गोठा, अवजारांची खोली, कडब्याची व धान्याची कोठी, तसेच कुटुंबाचे किंवा गड्याचे राहते घर यांना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'शेतावरील इमारत' असे मानले आहे. अशी इमारत शेतीच्या जमिनीवर बांधता येते. परंतु मुंबई, पुणे व नागपूर या शहरांत आणि त्यांच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत, तसेच प्रादेशिक योजना किंवा विकास योजना लागू असलेल्या क्षेत्रात, कलम ४१ प्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. आपले गाव अशा क्षेत्रात येते किंवा नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. तहसील कचेरीत त्याची प्रथम चौकशी करावी.

परवानगी मिळते ती धारणक्षेत्राच्या प्रमाणात. क्षेत्र ०.४ हेक्टरहून अधिक परंतु ०.६ हेक्टरपर्यंत असल्यास सर्व इमारतींचे जोते मिळून १५० चौरस मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. त्याहून मोठ्या क्षेत्रावर धारणक्षेत्राचा चाळिसावा हिस्सा किंवा ४०० चौरस मीटर, यांपैकी जे कमी असेल ते धरावे. त्यातही राहण्याकडे १५० चौरस मीटरहून अधिक जागा लावता येत नाही. माडी तर नाहीच.

येथे 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या भागातील एका बागायतदारांची जमीन एक हेक्टर. चाळिसावा हिस्सा २५० चौरस मीटर. कांदाचाळीसाठी त्यांनी १६० चौरस मीटरचा पाया घेतला व दगडही भरला. माप आपल्या मर्यादेत आहे अशी त्यांची समजूत होती. जुने घर व गोठा मिळून १४० चौरस मीटर आधीच उभे होते, ते त्यांनी हिशेबात धरलेच नव्हते. परवानगी नाकारली गेली आणि भरलेल्या पायापैकी ५० चौरस मीटर सोडून द्यावा लागला. तो खर्च एका हंगामाच्या खतास पुरला असता.

याहून कठीण प्रसंग वाटणीचा. अशा क्षेत्रात ०.४ हेक्टरपेक्षा कमी जमिनीवर राहत्या घरास परवानगी मिळत नाही. दोघा भावांची जमीन ७० आर असेल, तर सामाईक असताना तिला १७५ चौरस मीटरची सोय आहे. ३५-३५ आरचे दोन सातबारे झाले की नव्या घराची वाट दोघांनाही बंद होते. वाटणीपत्र करताना विहीर व बांध यांवर रात्र रात्र चर्चा होते, घराच्या जागेचा विषय मात्र निघत नाही. एका एकराचे ४० गुंठे, म्हणजे सुमारे ४०.४७ आर, हे क्षेत्र मर्यादेत जेमतेम बसते. ३९ गुंठे बसत नाहीत. म्हणून वाटणीपूर्वी मोजणी करून घ्यावी.

अर्जासोबत सातबारा उतारा व साधा नकाशा द्यावा. नकाशात जुन्या इमारतींची लांबी-रुंदी लिहावी, आणि गोठा विहिरीपासून दूर, वाऱ्याच्या दिशेने घराच्या पलीकडे दाखवावा. शेत सडकेला लागून असल्यास सडकेपासून किती अंतर सोडावयाचे, हे सार्वजनिक बांधकाम खात्याकडून आधी लेखी घ्यावे.