आजोबांची बंदूक

मैत्रिणींनो, बातमीतल्या नराधमाला 'भर चौकात गोळ्या घाला' असं आपण किती सहज म्हणून जातो ना! ते खरंच करणाऱ्या एका आजोबांचा रशियन चित्रपट आहे. स्तानिस्लाव गोवोरुखिन यांचा, १९९९ सालचा 'वोरोशिलोव्हस्की स्त्रेलोक'. म्हणजे वोरोशिलोव्हचा नेमबाज. सोव्हिएत काळात, १९३२ पासून, उत्तम नेमबाजांना हा किताब आणि बिल्ला मिळायचा.

इव्हान फ्योदोरोविच हे युद्धात लढलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा. पेन्शनीवर घर चालतं आणि नात कात्या हेच त्यांचं सर्वस्व. तीन तरुण वाढदिवसाच्या निमित्ताने तिला घरी बोलावतात आणि तिच्यावर अत्याचार करतात. तिघं पकडले जातात, गुन्हा कबूलही करतात. पण त्यातल्या एकाचा बाप पोलिसात कर्नल! मग काय, तिघंही सुटतात. आजोबा दार दार ठोठावतात आणि अपमान गिळून परत येतात. शेवटी गावाकडचं छोटं घर विकून ते दुर्बिणीची बंदूक घेतात.

मिखाईल उल्यानोव यांनी आजोबा असे उभे केलेत की, त्यांची प्रत्येक गोळी आपल्याला हवीहवीशी वाटते. एक कायमचा जायबंदी होतो, दुसरा जळत्या गाडीत होरपळतो. तिसऱ्याला तर भीतीनेच वेड लागतं आणि तो स्वतःच्या बापावर गोळी झाडतो.

पण माझं लक्ष राहून राहून कात्याकडे जात होतं. हसती-गाणारी मुलगी मुकी होऊन बसते. सूड आजोबांचा; तिला काय हवंय, हे कुणी विचारलं का? बायकांसोबत मी चौकीत जाते, तेव्हा जाणवतं, की बहुतेकींना कुणाचा जीव नको असतो. आपलं म्हणणं खरं मानून कुणीतरी लिहून घ्यावं, एवढंच हवं असतं.

चित्रपटात वस्तीवरचा साधा पोलीस ती बंदूक गुपचूप दडवतो आणि आजोबा वाचतात. मनात आलं, हाच चांगुलपणा तक्रारीच्या दिवशी वरच्यांनी दाखवला असता, तर बंदूक लागलीच नसती.

शेवटी कात्या पुन्हा गाते आणि आजोबांचे डोळे वाहतात. पाहा जरूर, पण टाळ्या वाजवण्याआधी घरातल्या मुलामुलींशी बोला. सूड कुठे संपतो आणि न्याय कुठे सुरू होतो, ते त्यांनाच विचारा.