दिशा धरून बोलणारी तार

दूरदर्शन घरोघरीं नवें आलें त्या काळीं छपरावर माशाच्या कांट्यासारखी एरियल उभी असे, हें वाचकांस आठवत असेलच. एक मुलगा वर चढून ती फिरवी, दुसरा खिडकींतून "आलें, आलें!" असें ओरडे, आणि वडील मंडळी चित्र स्थिर होण्याची वाट पाहत बसत. त्या फिरवाफिरवीचें मर्म आम्हांस पुष्कळ वर्षांनीं उमगलें. तें आज सांगावें असा विचार आहे.

ही एरियल जपानांतील सेंदाई येथील यागी व उदा या संशोधकांनीं 1926 सालीं जगापुढें मांडली. तींत प्रत्यक्ष कामाची दांडी एकच. तिच्या मागें किंचित् लांब व पुढें किंचित् आंखूड दांड्या ठराविक अंतरावर असतात. सर्वांच्या लहरी मिळून पुढल्या बाजूस एकमेकींस बळ देतात व मागल्या बाजूस एकमेकींचें बळ हरण करितात. नवी शक्ति निर्माण होत नाहीं. दाही दिशांस सांडणारी शक्ति एकीकडे वळते, इतकेंच. बोलण्याचा जो नियम, तोच ऐकण्याचा.

आतां हिचा एक नाजूक उपयोग पाहूं. अमेरिकेंतील मेन प्रांताच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नांवाचें लहान बेट आहे. तेथें स्टॉर्म पेट्रेल हे समुद्रपक्षी जमिनींत बिळें करून अंडीं उबवितात. उबवणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत माणसाचा उपद्रव झाला, तर पक्षी बीळ सोडून जाण्याचा संभव असतो. म्हणजे ज्यांचें क्षेम विचारावयास जावें, त्यांचाच संसार आपल्या जाण्यानें मोडावयाचा! म्हणून 2002 सालीं बर्कली येथील संशोधकांनीं उष्णता, आर्द्रता इत्यादि टिपणारीं 32 बिनतारी यंत्रें बेटावर मांडलीं. अशा यंत्रांस संवेदक म्हणतात. त्यांचा निर्वाह लहानशा बॅटरीवर, आणि तींतील पुष्कळ शक्ति बोलण्यांतच खर्च होते.

मग दूरच्या ठाण्यापर्यंत निरोप कसा न्यावा? त्यांच्या दोन योजनांपैकीं एकींत बिळांजवळ एक व ठाण्यापाशीं एक अशी यागी एरियलची जोडी समोरासमोर रोखली होती. प्रत्येकीचें बळ 14 डेसिबल. म्हणजे सर्व दिशांस सारख्या पसरणाऱ्या लहरींच्या मानानें नेमक्या दिशेस सुमारें 25 पट. एवढ्या आधारावर त्या चिमुकल्या यंत्राचा निरोप 1200 फुटांहून अधिक दूर पोंचला.

मग प्रत्येक संवेदकास अशीच एरियल कां देऊं नये? उत्तर आमच्या छपरावरच होतें. एका केंद्राकडे तोंड केलें, कीं दुसऱ्याचें चित्र नाहींसें होई. दिशा धरलेली एरियल इतरांच्या संभाषणांत ढवळाढवळ करीत नाहीं हें खरें. पण बाजूच्या हांकेसही ती बहिरी असते. शेजारी हांक मारतो, उत्तर नाहीं म्हणून पुनःपुन्हां मारतो, आणि त्याची बॅटरी व्यर्थ झिजते. शास्त्रज्ञ या दोषास बधिरताच म्हणतात. तेव्हां ज्यास आसपासच्या अनेकांशीं बोलावयाचें, त्यास चहूंकडे ऐकणारी साधी तार बरी. ज्यास एका दूरच्या ठिकाणींच निरोप पोंचवावयाचा, त्यास दिशा धरलेली एरियल योग्य.

बिळांतील पक्ष्यास यांतलें कांहींच ठाऊक नसतें. तो रात्रीं समुद्रावरून परततो आणि आपल्या एकुलत्या अंड्यावर निर्धास्त बसतो. या सर्व खटाटोपाचें यश आम्ही त्यांतच मानतों.