सोन्याचं पाणी, साधं पाणी

बाजारातलं रसायन : भाग सातवा

गेल्या आठवड्यात कल्हई पाहिली. तापलेल्या भांड्यावर कथील वितळवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं, म्हणजे सगळा कारभार आगीचा. आजचा मुलामा भट्टीवाचून चढतो. तो पाहायला लातूरकरांना लांब जायला नको. १९१७ साली बांधलेल्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येकाचा माल वेगळा. भाद्रपदात दागिन्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. महालक्ष्म्या यायच्या असतात. घरातलं खरं सोनं लॉकरमध्ये, नाहीतर सोयाबीनच्या पेरणीपायी गहाण. पण महालक्ष्म्या तर ठुशी, बोरमाळ, पोहेहारानं मढलेल्या हव्यात. मग 'एक ग्रॅम'चे दागिने घेतले जातात. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, पाणी किती दिवस टिकंल?" दुकानदार म्हणतो, "घामाला अन् सेंटाला जपा, मावशी." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ते कसं, हे समजायला आधी मोरचूद घेऊ.

शेतीऔषधांच्या दुकानात बोर्डो मिश्रणासाठी मिळणारं मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. त्याच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवा. मिनिटभरात तो तांबूस होतो, वीज नाही की काही नाही. पण बोट फिरवलं की तांबं बोटाला येतं. कारण इथे लोखंड स्वतः विरघळतंय आणि त्याचे इलेक्ट्रॉन घेऊन तांबं बसतंय. पायाच खचत असताना वरचा गिलावा धरणार कसा? आता खिळ्याऐवजी स्वच्छ पितळी किल्ली घ्या आणि ती दीड व्होल्टच्या सेलच्या ऋण टोकाला जोडा. धन टोकाला तांब्याची जाड तार लावा. दोन्ही एकमेकांना न टेकवता द्रावणात सोडा. द्रावणातले तांब्याचे आयन किल्लीकडे ओढले जातात आणि सेलमधून आलेले इलेक्ट्रॉन घेऊन तिच्यावर बसतात. तिकडे तार तेवढीच झिजते, म्हणून निळा रंग उतरत नाही. (हातमोजे घाला, आणि उरलेलं द्रावण विहिरीजवळ ओतू नका.)

किती धातू बसेल हे विजेच्या हिशोबावर ठरतं. १८३० च्या दशकात फॅरडेनं तो हिशोब मांडला. एक अँपिअर तासभर वाहिला की तांबं बसतं सुमारे १.१९ ग्रॅम; सायनाइडच्या द्रावणातलं सोनं मात्र ७.३५ ग्रॅमपर्यंत. सोन्याचा अणू जड, आणि इथे त्याला एकच इलेक्ट्रॉन पुरतो, तांब्याला दोन लागतात. विजेनं सोनं चढवण्याची युक्ती पहिल्यांदा साधली ती इटलीतल्या ब्रुनातेल्लीला, १८०५ साली, व्होल्टाच्या बॅटरीवर. तिचा धंदा उभा राहिला १८४० नंतर, बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणाचं पेटंट घेतल्यावर. त्याआधी सोनं पाऱ्यात कालवून फासत आणि तापवून पारा उडवून देत. त्या वाफांनी किती कारागिरांची फुप्फुसं आणि डोकी बिघडली असतील, कोण मोजणार!

दागिन्याच्या पितळेवर थेट सोनं चढवलं तर पितळेतल्या तांब्याचे अणू त्या पातळ थरातून हळूहळू वर सरकतात आणि दागिना काळवंडतो. म्हणून मध्ये बहुधा निकेलचा थर देतात. तो तांब्याला अडवतो, शिवाय चकाकी आणतो. पण सोनं झिजून निकेल उघडं पडलं की काहींचे कान खाजतात, गळ्यावर पुरळ येतं. पातळ थराला बारीक छिद्रंही असतात. घामातलं मीठ त्यांतून आत शिरतं. दुकानदाराचा सल्ला म्हणूनच खरा.

महालक्ष्मीचा मुलामा दिलेला मुखवटा हातात घ्या म्हणजे आणखी एक गोष्ट दिसेल. वीज टोकांकडे आणि कडांकडे गर्दी करते. खोलगट जागा उपाशी राहतात. नाकाच्या शेंड्यावर आणि मुकुटाच्या कडेवर थर जाड, कानामागच्या खाचेत विरळ. मुखवटा उलटा केला तर पोकळीत रंग बहुधा फिकाच.

माझ्या मते मुलाम्याचं खरं कसब मात्र सोन्याच्या टाकीत नाही, धुण्यात आहे. पॉलिशचं मेण आणि हाताचं तेल काढायला गरम सोडा, मग आम्लात बुडी, मग निकेल, मग सोनं. आणि प्रत्येक पायरीनंतर पाण्यात बुचकळणं. तेलाचा डाग राहिला की तिथे पापुद्रा सुटलाच म्हणून समजा. आम्लाचा अंश सायनाइडच्या टाकीत गेला तर हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू सुटतो. म्हणजे धुण्यातली कुचराई माणसावरही बेतू शकते. त्यातून आमचं बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम निकेलच्या टाकीतल्या सल्फेटशी जुळून बारीक कण बनतं आणि थर खरखरीत होतो. टाक्यांना क्षार काढलेलं पाणीच लागतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या शहरात नळी सोडून दागिने धुणं परवडत नाही. त्यावर तोडगा आहे : ओळीनं तीन टाक्या. दागिना गढूळ टाकीकडून स्वच्छ टाकीकडे जातो, पाणी स्वच्छ टाकीतून गढूळ टाकीकडे. पाणी कितीतरी पटीनं वाचतं. सोन्याच्या टाकीनंतरचं पहिलं धुणं तर कोणी फेकतच नाही, कारण त्यात सोनं उतरलेलं असतं. सायनाइडचं बाकी सांडपाणी अल्कलीत, क्लोरीनच्या संयुगानं निकामी करूनच सोडायचं असतं.

आता 'एक ग्रॅम'. पाटल्यांच्या जोडीचा पृष्ठभाग धरा ७५ चौरस सेंटीमीटर. त्यावर खरंच एक ग्रॅम सोनं पसरलं तर थर होईल जवळपास ७ मायक्रॉन. ०.२ मायक्रॉनच्या थराला पुरतं ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी. एक ग्रॅमचा भाव हजारांत आणि पाटल्या चार-पाचशेला, तेव्हा जोडीत किती सोनं असेल ते सांगायला नको. फसवणूक म्हणा, न म्हणा; नाव चालून गेलं आहे एवढं खरं. शुद्धतेचा हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षर-अंकी क्रमांक अशा दागिन्यावर नसतो. म्हणून पुढच्या वेळी "किती दिवस टिकंल" याच्याबरोबर "किती मायक्रॉन" हेही विचारा. आणि महालक्ष्म्या उठवल्यावर मुखवटे चिंच-राखेनं घासू नका. मऊ ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडे करा आणि मगच डब्यात ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : घरावरच्या पत्र्याला जस्त का?)